तंबाखू लागली, असं आम्ही म्हणायचो

माझ्या लिहिण्यात चुका असतील, अक्षरही कोंबडी कागदावरून चालून गेल्यासारखं आहे, तेवढं सांभाळून घ्या. कोगनोळीच्या शाळेत मी चौथीपर्यंत गेले, मग माझी पाटी धाकट्या भावाकडे गेली. मला कुणाला काही सांगायचं असलं की मी आक्काला सांगायची, आणि पुढे ती जगाला सांगायची. आता आक्काच नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, गंगूबाई. दिवाळीनंतर ती बेळगावला लेकीकडे, सुमनकडे गेली होती. मी निपाणीतल्या आमच्या घरी दारात तांदूळ निवडत होते. समोर कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आहे, तिथले दुकानदार आप्पा स्वतः चालत आले. एरवी ते दुकानातूनच हाक मारतात. त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "वैनी, बेळगावास्नं फोन आलाय..." मी तांदूळ सांडू नयेत म्हणून सूप अगदी हळू खाली ठेवलं. चहा ठेवते म्हणून आक्का उठली होती, भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली, हे मला नंतर सुमनने सांगितलं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा इतकी लाजरी होते, की दुकानात मीठ मागायचीसुद्धा धास्ती वाटायची. नुसती उभी राहायची, दुकानदार विचारेपर्यंत. आक्का हसायची. "अगं, मीठच मागायचंय, त्येची इस्टेट न्हाय." पण ती मला कधी एकटं पाडायची नाही. ती तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, मलाही घेऊन गेली आणि आपल्या शेजारी बसवलं. वखारीत बायका ओळीने बसून तंबाखू चाळतात. तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला, तरी भुकटी नाकातोंडात जायचीच. सगळ्यांच्या चाळण्या एका लयीत हलायच्या, आणि एखादीची लय चुकली की बाकीच्या तिला सोडायच्या नाहीत. माझी कधी चुकायची नाही. कुणी मला मुकी म्हणालं की आक्का लगेच म्हणायची, "आमची शेवंता बोलत न्हाय, पन तिची चाळण तुमच्यापरीस ग्वाड बोलती."

तिथे एक गोष्ट रोजची होती. एखादीला गरगरायचं, मळमळायचं, छातीत धडधडायचं. मग म्हणायचं, तंबाखू लागली. तिला दारात वाऱ्याला बसवायचं, गुळाचा खडा द्यायचा, वर पाणी. थोड्या वेळाने ती उठून चाळण हातात घ्यायची. आक्काच्या कमरेच्या चंचीत पानसुपारीबरोबर गुळाचा खडा कायम असायचा, कुणाला लागेल म्हणून. नवी पोर असो की म्हातारी, औषध हेच. आमच्या आया-सासवांनी हेच केलं होतं.

एका सुगीत थप्पीवरून तंबाखूचं बोद घसरलं. बोद म्हणजे आमच्याकडचं माणसाएवढं मोठं पोतं. आक्का ते अडवायला गेली आणि तिची कंबर गेली. महिनाभर पडून होती. मग गावातल्या डॉक्टरांनी रंगीत कॅप्सूल दिली, आणि तिने जादू केली. आक्का उठली, भाकऱ्या थापायला लागली, वखारीत आली. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "शेवंते, कंबर हाय काय न्हाय, त्येच कळंना झालंय बघ." आम्ही दोघी किती हसलो होतो. पुढे डॉक्टरकडे जायचीही गरज उरली नाही. औषधाच्या दुकानात मागितली की मिळायची. चंचीत गुळाशेजारी कॅप्सूलची पट्टी आली. आधी सकाळी एक, मग दुपारीही, मग किती, ते सांगता येईनासं झालं.

वर्षभराने तिला धडधडायला लागलं. चाळता चाळता हात थांबायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. आम्ही काय म्हणालो असू? तंबाखू लागली. आम्ही तिला तिच्याच चंचीतला गूळ द्यायचो. एकदा तिने माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. आत ठोके पडत होते, मध्येच एक गळत होता, मग दोन घाईघाईने येत होते. "बघ गं," ती म्हणाली, "आत बी एक बाई बसलीया चाळाय, आन् तिची लय चुकतीया." मी हात काढून घेतला नाही. मला भीती वाटली, पण बोलले नाही.

मग एके दिवशी ती वखारीतच आडवी झाली, आणि गुळाने उठली नाही. शुद्ध आली तेव्हा ओठ निळसर झाले होते. मी आणि सुमन तिला बेळगावला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी छातीला तारा लावून कागदाची लांब पट्टी काढली, ती बराच वेळ पाहिली. कधीपासून होतंय, विचारलं. आक्का म्हणाली, "काय न्हाय सायेब, तंबाखू लागतीया. वखारीतल्या सगळ्यांस्नीच लागती." डॉक्टरांनी कानडीत विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का. आक्का झटक्यात म्हणाली, "न्हाय." सुमनला खरंच माहीत नव्हतं. मी आक्काच्या कमरेच्या चंचीत हात घातला, कॅप्सूलची पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. माझ्या मोडक्या कानडीत म्हणाले, "दिना तगोताळे, साहेब. रोज घेती. लई घेती."

डॉक्टरांनी पट्टी उलटून वाचली. आमच्यासाठी मराठीत बोलले. हे अफूच्या जातीतलं औषध, दुखणं मारतं, पण कुणाकुणाच्या काळजाचा ठोकाच बिघडवतं, आणि जास्त घेतलं तर जास्त. तंबाखूच्या धुरळ्याने धडधडत नाही असं नाही, पण ही पट्टी बंद झाली नाही तर गूळ पुरणार नाही. एकदम सोडायची नाही, हळूहळू कमी करत आणायची.

परत येताना बसमध्ये संकेश्वर मागे पडल्यावर आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "इतकी वर्सं झाली... तुला त्वांड फुटायला हीच येळ सापडली व्हय गं?" मी रडायला लागले. मग तिनेच पदराने माझं तोंड पुसलं.

त्या कॅप्सूल सुटताना तिने जे सोसलं ते मी पाहिलंय. घाम यायचा, जांभयांवर जांभया, पाय झटकत राहायचे. आणि कंबर परत जशीच्या तशी दुखायला लागली. वखार सुटली. एकदा मलाच राहवेना, म्हणाले, "आक्का, आज एक घे. मी कुणाला सांगत न्हाय." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी खाली बघितलं. "दुखणं माझ्या वळखीचं हाय," ती म्हणाली. "त्येच्यासंगं भांडता येतंय. पन मी अशी झटक्यात गेले, तर तू मीठ कुणाकडनं मागशील?"

म्हणून आम्हाला ती वर्षं मिळाली. ठोका बराचसा जागेवर आला, तरी डॉक्टरांनी सांगितलं होतं, लक्ष ठेवा. मग संध्याकाळी मी वखारीतून आले की आम्ही उंबऱ्याशी बसायचो. ती माझ्यापुढे मनगट धरायची, "बघ, आतली बाई नीट चाळतीया काय." मी बोटं ठेवायची. ठोके मोजायला मला येत नव्हतं, पण लय कळत होती. ठोका गळला नाही की ती म्हणायची, "ऱ्हायली गं आजचा दिस." तिचं मनगट कडक, त्याला वाळल्या पानाचा वास. किती वर्षं कामाला गेली नव्हती, तरी तो वास गेला नाही. कंबर दुखायला लागली की ती तशीच माझ्या खांद्याला टेकायची, आणि मला वाटायचं, ही संध्याकाळ अशीच राहावी. कधी कधी ती मुद्दाम मला दुकानात पाठवायची, उंबऱ्यावरून ऐकत बसायची, आणि आले की म्हणायची, "ऐकलं. आज जरा मोठ्यानं मागितलंस."

तिचे दिवस झाल्यावर मी कामावर गेले. तिची जागा कुणीतरी घेतली होती, ते बरोबरच होतं. मागच्या आठवड्यात ओळीतल्या एका नव्या सुनेला गरगरलं. बायका म्हणाल्या, तंबाखू लागली, हिला गूळ द्या. चंची आता माझ्या कमरेला आहे. मी खडा दिला, तिचं मनगट धरलं, आणि सगळी ओळ ऐकेल एवढ्या आवाजात विचारलं, "दुखन्याची गोळी घेतीस काय गं? खरं सांग." चाळण्या थांबल्या. ती पोर रडायला लागली आणि मान हलवून हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी तिला आणि तिच्या सासूला घेऊन डॉक्टरकडे गेले. बोलले मीच.

त्या संध्याकाळी पायात घाई होती. घरी जाऊन कधी सांगते असं झालं होतं. उंबऱ्याशी आले, बसले, आणि सवयीने हात बाजूला गेला, बोटं मनगट शोधत...

दार उघडंच होतं. समोर आप्पांनी दुकानातला दिवा लावला. मी तशीच बसून राहिले, मग उठून मीठ आणायला गेले. घरात मीठ होतं.