उघाडीपाशी ठिपके नाहीत

मुरुडच्या त्या कार्यशाळेचे पाचही दिवस माझ्या गळ्यात जी पट्टी लटकत होती, तिच्यावर लिहिलं होतं, 'स्थानिक समन्वयक'. वीस वर्षं माणगावच्या कॉलेजात गणित शिकवणारी बाई मी, आणि पट्टीवर हे. पहिल्या सकाळी ती वाचून मी मैत्रिणीला विचारलं, "अगं, हे काय?" ती म्हणाली, "फॉर्मवर काहीतरी लिहावं लागतं गं. शुक्रवारी तुझं व्याख्यान आहेच की." एम.एस्सी.ला आम्ही दोघी वसतिगृहाच्या एका खोलीत राहिलो होतो. तिच्यावर अविश्वास दाखवायची मला सवयच नव्हती.

ती आता पुण्यात एका मोठ्या संस्थेत असते. ही कार्यशाळा तिचीच, विषय उपयोजित टोपोलॉजी. नारळाच्या वाडीमागच्या एका लॉजचा हॉल घेतला होता, देशभरातून विद्यार्थी आणि संशोधक आले होते. टोपोलॉजी म्हणजे काय ते लॉजच्या आचाऱ्याने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "वस्तू कितीही ताणा, दाबा, तिला भोकं किती आहेत ते मोजायचं." तो म्हणाला, "म्हणजे मेदूवडा एक, पुरीला काहीच न्हाय." पाच दिवसांत याहून सोपी व्याख्या कुणी केली नाही.

भोकांशी माझं नातं मात्र कार्यशाळेच्या फार आधीचं. आमचं गाव खाडीकाठचं, शेतं समुद्राच्या पातळीला. मध्ये फक्त मातीचा बांध. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, त्या बांधात बिळं करतात, आणि एखादं बीळ आरपार गेलं की उधाणाचं खारं पाणी भातात शिरतं. मग दोन-तीन वर्षं तिथे काही पिकत नाही. म्हणून माझे बाबा प्रत्येक उधाणानंतर अनवाणी बांधावरून चालतात, तळव्याने माती चाचपत. गावाचा नियम असा, की ज्याला भोक दिसेल त्याने त्यात पाय रोवून उभं राहायचं आणि हाळी द्यायची. चिखल घेऊन कुणी येईपर्यंत हलायचं नाही, मग पलीकडचं शेत कुणाचंही असो. ज्या चुलतभावाने त्यांना कोर्टात खेचलं होतं, त्याच्या शेताच्या कडेला बाबा एकदा दोन तास असे उभे राहिले. आई चिडली तर म्हणाले, "पानी काय भावकी बघून येतं व्हय?"

या बांधावरच मी तीन उन्हाळे काम केलं. हातात लोखंडी सळई. हात-हात अंतरावर ती बांधात खुपसायची, माती घट्ट लागली तर वहीत ठिपका, पोकळ लागली तर ठिपका नाही. मग संगणकात प्रत्येक ठिपक्याभोवती वर्तुळ काढून ते हळूहळू मोठं करायचं. बारीकसारीक फटी लगेच भरून जातात. जी पोकळी शेवटपर्यंत भरत नाही, तिथे बांधाला धोका. बाबांचा तळवा जे सांगतो तेच गणिताने सांगता येतं का, एवढंच मला बघायचं होतं. येत होतं! त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. पीएच.डी. संसारात राहून गेली होती, ती या कामावर पन्नाशीत का होईना पुरी होईल असं वाटलं, आणि मी सगळी फाइल मैत्रिणीला पाठवली. दुसऱ्या कुणाला पाठवणार?

तिला ते इतकं आवडलं की एप्रिलमध्ये ती बांध बघायला आली. मला परीक्षेचं काम होतं, म्हणून बाबाच तिला घेऊन फिरले. संध्याकाळी ती चिखलाच्या पायांनी परतली आणि म्हणाली, "तुझे बाबा म्हणजे चालतं-बोलतं विद्यापीठ आहे गं." मी फुलून गेले.

मुरुडला पहिले चार दिवस मी चहा बघितला, कुणाला मासे चालत नाहीत त्याची यादी ठेवली, चुकीच्या एसटीत बसलेल्या दोन संशोधकांना फोनवरून उतरवून घेतलं. व्याख्यानं दारात उभी राहून ऐकली, अर्धीच. गुरुवारी दुपारी तिने मला बाजूला घेतलं. "वेळ फार कमी पडतोय. तुझं आणि माझं एकत्र करून मीच बोलते, चालेल ना? तुला इंग्रजीत बोलायचं टेन्शन पण नको." मला टेन्शन नव्हतं. मी महिनाभर आरशासमोर तयारी केली होती. तरीही "चालेल" म्हटलं, कारण ती माझं नाव घेईल यात मला शंकाच नव्हती.

शुक्रवारी पडद्यावर पहिलं चित्र आलं ते माझ्या ठिपक्यांचं. सातव्या ओळीत एक ठिपका सुटलेला होता. तिथे सळई दगडाला लागून सटकली होती आणि माझं बोट चेमटलं होतं. तो सुटलेला ठिपका मी हजारांत ओळखला असता. मैत्रीण म्हणत होती, "आम्ही तीन उन्हाळे ही माहिती गोळा केली." त्या 'आम्ही'त मी कुठे आहे ते बघायला शेवटच्या स्लाइडपर्यंत थांबले. तिथे लेखक म्हणून तिचं नाव होतं, तिच्या दोन विद्यार्थ्यांची होती. माझं नाव आभारात, लॉजच्या मालकाच्या खाली. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो असा असतो.

तेवढ्यात बांधबंदिस्तीची कामं बघणारे एक इंजिनियर उठले. पडद्यावर एक पोकळी लाल केली होती, सगळ्यांत मोठी, कितीही वर्तुळं वाढवा, न भरणारी. "मॅडम, ही सर्वांत धोकादायक जागा म्हणायची का?"

"हो. ही पावसाआधी बुजवायला हवी."

इंजिनियरांनी वहीत टिपून घेतलं. मी पडद्याकडे बघतच राहिले, कारण ते भोक नव्हतं. ती आमची उघाडी होती, बांधातलं दार. भरतीच्या रेट्याने तिची झडप मिटते, ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. दारात सळई कुठे खुपसणार? म्हणून तिथे ठिपके नव्हते. फाइलमध्ये मी हे लिहिलंही नव्हतं. आमच्याकडे उघाडी कुठे आहे हे कुणी लिहून ठेवत नाही, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी गप्प बसले असते तर ती हाच मजकूर छापणार होती आणि कधी ना कधी जगासमोर तोंडघशी पडणार होती. खरं सांगते, तो विचार मला गोड लागला. दोन मिनिटं मी तो चघळला. पण इंजिनियरांच्या वहीत ते लिहिलं गेलं होतं. उघाडी बुजली तर गावाचं भात पाण्यात कुजणार होतं. मी दारातूनच मोठ्याने म्हटलं, "ते बुजवू नका. ती उघाडी आहे." आणि मग सगळं समजावून सांगितलं, मराठीत आणि इंग्रजीतही, न अडखळता.

टाळ्या पडल्या. मैत्रीण माइकवर हसून म्हणाली, "बघा, यालाच म्हणतात स्थानिक ज्ञान." पुढच्या स्लाइडसाठी तिने बटण दाबलं.

जेवणाच्या रांगेत तिने मला मिठी मारली. "वाचवलंस गं मला."

"तुला नाही," मी म्हटलं, "भात वाचवला." तिला वाटलं मी गंमत करतेय.

त्याच दिवशी मी गावी गेले. पडवीत झाकलेल्या टोपात चिंबोऱ्या खडखडत होत्या. बाबांनी विचारलं, "तुजी मैतरीण कुठं हाय? तिच्यासाठी धरल्यात."

"ती परस्पर पुण्याला गेली." नावाचं मी काही बोलले नाही. फक्त म्हटलं, "बाबा, ती उघाडीला भोक समजली. तुमच्याकडून तिला उघाडी दाखवायची राहिली वाटतं."

"राहिली कशी? उघाडीवरच बसवली व्हती तिला. मी खाली चिखलात उतरून झडप उघड-मीट करून दावली. दोनदा. मान हलवत व्हती, लिवून पन घेतलं तिनं." मग बाबाच म्हणाले, "मलाच नीट सांगता आलं नसंल."

माझं नाव तिने गाळलं ते मी कदाचित गिळलं असतं. पण सत्तरी ओलांडलेला माणूस तिच्यासाठी गुडघाभर चिखलात उभा राहून दार उघडून दाखवत होता आणि ही वरून नुसती मान हलवत होती. वर आता चूक त्याची ठरली, त्याच्याच मनात.

"पुना आली की पुना दावीन," बाबा म्हणाले.

"नाही बाबा," मी म्हटलं, "तिला आता आपल्या बांधावर पाय ठेवू देणार नाही."