सगुणाबाईंनी बोटी बंद पाडल्या

मखमलाबादच्या सगुणाबाई झेंडू पिकवून विकायच्या. त्यांचा मुलगा वाल्मीक धरणावर बोटीतून पडून बुडाला. बोटवाल्या गोटीरामनं त्याला लाइफ जॅकेटच दिलं नव्हतं. गोटीराम जामिनावर सुटला आणि पुन्हा बोटी चालवू लागला.

तेव्हा बाई जलसुरक्षेच्या स्वयंसेवकांत शिरल्या. दोन वर्षं रोज दुपारी त्या काठावर ठाण मांडून बसल्या. जॅकेटविना निघालेली बोट असो की पाण्यात सांडलेलं काळं ऑइल, फोटो काढून त्यांनी तक्रारी केल्या. अखेर गोटीरामचा परवाना रद्द झाला.

"मावशी, पोटावर पाय देऊ नका," गोटीराम गयावया करू लागला.

"माझा पोटचा गेला, तवा नाय आठवलं पोट?"

शेवटची बोट ट्रकवर चढेपर्यंत बाई उन्हात उभ्या राहिल्या. त्यांना दया आली नाही, आणि दया न आल्याची लाजही वाटली नाही.