पहूरला राहिलेलं हेल्मेट

सीटी स्कॅनची फिल्म उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले, "सबड्यूरल हिमॅटोमा आहे. म्हणजे मेंदू आणि त्याच्या वरच्या आवरणाच्या मध्ये रक्त साठलंय. दाब वाढतोय. आत्ताच काढावं लागेल." मांडीचं हाडही मोडलं होतं, पण ते नंतर बघू म्हणाले. मांडी मोडणं ही नंतर बघायची गोष्ट असू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

भास्कर, माझा नवरा, मोटारी रिवाइंड करतो, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळतो. पहूरला एका विहिरीवर मोटार बसवून तो जळगावला, मेहरूणच्या आमच्या घरी परत येत होता. पहूर गावाबाहेरच ट्रकने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली. मला एवढंच सांगण्यात आलं.

मी शाळेत लिपिक आहे. वाचल्याशिवाय सही करू नका, असं मी वीस वर्षं पालकांना सांगत आले. ऑपरेशन चालू असताना पांढऱ्या शर्टातला एक माणूस शहाळी घेऊन आला. "वहिनी, मी भास्करभाऊंच्या ओळखीतला. विम्यातून खर्च मिळायचा तर इथे दोन सह्या लागतील." मी केल्या. कागदावर काय लिहिलंय ते पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी शिंदखेड्याहून माझे मोठे दीर, नाना, आले. त्यांनी शहाळी पाहिली. "कोन व्हता तो? आपला ते कोनी नही." त्या माणसाने दिलेला नंबर लागला नाही.

तिथून माझं डोकं फिरलं. नर्सने भास्करचं वय विचारलं तर मी "कशाला हवंय?" म्हणाले. कुणीतरी बाकावरच्या माझ्या उशीखाली वकिलाचं कार्ड ठेवून गेलं, ते मी फाडलं. रिपोर्टची फाईल बाथरूमला जातानाही बरोबर नेऊ लागले. "यातून काही मिळेल का?" असं नाना सहज म्हणाले, तर त्यांच्याकडेही मी वाकडं पाहिलं. चार दिवस बाकावर झोपलेला सख्खा दीर, आणि मी त्याचा हिशेब मांडत होते.

पाचव्या दिवशी भास्करने डोळे उघडले. मला ओळखलं. पण अपघाताचं काहीच सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, "याला पोस्ट ट्रॉमॅटिक ॲम्नेशिया म्हणतात. मार बसला त्या वेळचं मेंदूने नोंदवलंच नाही. ते बहुधा परत येणार नाही, आग्रह करू नका." जाता जाता त्यांनी विचारलं, "आणलं तेव्हा डोक्याला बाहेरून जखम नव्हती. हेल्मेट होतं ना?"

होतंच. तो हेल्मेटशिवाय कोपऱ्यावरसुद्धा जात नसे. पण ते ॲम्ब्युलन्समधून आलं नव्हतं, आणि जागेवर सापडलं नाही म्हणून पंचनाम्यातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज शहाळीवाल्याचा. "वहिनी, भाऊ गाडी चालवताना फोनवर बोलत होते. पाहणारे आहेत. तडजोडीवर तुमची सही आहे, उगाच कोर्टात जाऊ नका."

खोटं बोलतोय, हे कळत होतं. तरीही भेटीच्या वेळेत नाना आत गेले तेव्हा मी भास्करचा तडकलेला मोबाइल उघडला. अपघाताच्या वेळेला एक कॉल होता. माझा. येताना कढीपत्ता आण, एवढं सांगायला केलेला. त्याने उचलला नव्हता. पण उचलायला खिशात हात घातला असेल तर? मी ती नोंद पुसून टाकली. आठवडाभर सगळ्यांवर संशय घेतला होता, आणि लपवाछपवी करणारी मीच निघाले.

शाळेतल्या एका पालकाने सांगितलं की जिल्हा न्यायालयात मोफत वकील मिळतो. मोफत म्हटल्यावर मला आणखीच संशय आला. नाना मला जवळपास ओढूनच घेऊन गेले.

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तो शहाळीवाला ट्रकवाल्यांचा माणूस असणार. दावा भास्कररावांचा. ते बेशुद्ध असताना तुम्ही केलेल्या सहीने त्यांचा हक्क जात नाही. पण अर्ज सहा महिन्यांच्या आत गेला पाहिजे. आणखी काही?"

"नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, समोरचा वकील कोर्टात जे काढणार आहे, ते मला आधी तुमच्याकडून कळू द्या."

मी सांगून टाकलं. नानांच्या समोर. त्या रागावल्या नाहीत. "मोबाइलमधून पुसलं तरी कंपनीकडे नोंद असते. आणि न उचललेला कॉल म्हणजे ते बोलत नव्हते. तुम्ही पुसलंत ते आपल्याच बाजूचं होतं. आता ते हेल्मेट शोधा."

पहूरला अपघाताच्या जागेसमोर पंक्चरचं दुकान आहे. दुकानातल्या चाचांना मी हेल्मेटचं विचारलं. "इथे काही नाही," म्हणत ते ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत राहिले.

नाना म्हणाले, "चाचा, मना भाऊ शे तो."

चाचांनी मान वर केली. "याआधी दोघं हेल्मेट मागायला येऊन गेले. दोघंही स्वतःला भाऊच म्हणवत होते. तुम्ही घरचे, हे मी कसं मानू?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. हा माणूस माझ्यासारखाच वागत होता. मी व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्या हातात दिला. पट्टी बांधलेला भास्कर पडद्यावर आला. चाचांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "बोलतात ना आता? त्या दिवशी माझ्या मांडीवर डोकं होतं, एक शब्द निघत नव्हता."

भास्करने हात जोडले. चाचा आत गेले आणि पोत्यात गुंडाळलेलं हेल्मेट घेऊन आले. मागची बाजू फुटली होती. "मीच काढलं डोक्यातनं. ट्रक हॉटेलातून उलटा रस्त्यावर आला, मागे उभं राहून सांगणारं कुणी नव्हतं. यांचे दोन्ही हात हँडलवर होते. सांगतो मी कोर्टात."

आणि त्यांनी सांगितलं. दुकान बंद ठेवून, दोन तारखा फुकट गेल्यावर तिसऱ्या तारखेला. माझीही उलटतपासणी झाली. "कॉल तुम्ही केला? नोंद पुसली?" दोन्हीला मी हो म्हणाले. निकाल आमच्या बाजूने लागला. मागितलं होतं त्याहून भरपाई कमी मिळाली, पण चूक भास्करची नव्हती हे कागदावर आलं. त्याला स्वतःला आठवत नाही, म्हणून तो कागद त्याने मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला.

भास्कर काठी घेऊन चालतो, बसून रिवाइंडिंग करतो. संध्याकाळी डोकं दुखतं. ते राहणार, असं डॉक्टर म्हणतात. माझा संशयी स्वभावही राहणार. फक्त आता मी माणसाच्या आधी कागदावर संशय घेते. नानांची माफी मागितली, तर ते म्हणाले, "चालस, बाई."

मागच्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा आयसीयूबाहेर एक बाई एकटी बसली होती. पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी तिच्याजवळ बसले. तिने पिशवी उचलून पलीकडच्या बाजूला ठेवली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"कोण तुम्ही?"

मला बरं वाटलं. म्हटलं, "कुणी नाही. असंच प्रत्येकाला विचारा. आणि आज कशावरही सही करू नका."