सलीमचाचांनी माझी चूक अंगावर घेतली

आज दुपारी नगरच्या एमआयडीसीतल्या एका गॅरेजमध्ये मी गप्प राहिले. त्याबद्दल लिहिते आहे.

सोनईच्या एका दादांच्या जुन्या गाडीसाठी मी मूळ कंपनीचा नसलेला, बाहेरचा ईसीयू निवडला होता. ईसीयू म्हणजे इंजिनचं पेट्रोल आणि स्पार्क सांभाळणारा कॉम्प्युटर. इंजिन किती वेगाने फिरतंय हे तो एका दातेरी चाकावरून ओळखतो. मेकॅनिक सलीमचाचांनी ते चाक मागच्या आठवड्यातच उघडून पाहिलं होतं आणि मला सांगितलं होतं.

"ताई, दात येगळे हायेत. ह्यो डबा वळखायचा न्हाई त्याला."

"डेटाशीट वाचलंय मी, चाचा," मी म्हणाले. चाक बघायला मात्र गेले नाही.

आज गाडी सुरूच झाली नाही. स्टार्टर फिरत होता आणि माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर इंजिनचा वेग शून्य. चाचांचं बरोबर होतं.

दादा त्यांच्यावरच उखडले. "इंजिनियर बाईनं येवढं भारी मशीन दिलं, आन तुमी वाट लावली व्हय?"

चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "वायरिंगमधी चुकलं माझं. करतो नीट."

मी लॅपटॉप बंद केला आणि निघाले.

दादांना अजून फोन केलेला नाही. तुम्हा सगळ्यांना सांगणं त्या एका माणसाला सांगण्यापेक्षा सोपं का गेलं?