मागचं डावं लॉक

भुताखेतांच्या गोष्टी मी ढाब्यांवर हसत ऐकल्या, विश्वास कधीच ठेवला नाही. आता वय सदुसष्ट. आणि हे लिहितोय तेही भुतासाठी नाही — मधुकरसाठी.

आम्ही दोघं ट्रेलर चालवायचो. बंदरातून रेल्वेने आलेले कंटेनर सिंदीजवळच्या यार्डात उतरायचे, ते आम्ही जाम गावाजवळच्या गोदामात पोचवायचो. कंटेनर ट्रेलरवर ठेवला की चार कोपऱ्यांची चार लॉकं फिरवून बंद करायची, नाहीतर तो नुसता आपल्या वजनावर बसलेला असतो. ज्याचा ट्रेलर त्यानेच लॉकं लावायची असा नियम. पण आमची पद्धत वेगळी... एकजण यार्डाच्या ऑफिसच्या खिडकीवर दोघांचे कागद घ्यायचा, दुसरा दोन्ही ट्रेलरची लॉकं लावायचा.

त्या सकाळी मधुकर कागदांसाठी गेला. त्याचं मागचं डावं लॉक अडकलं होतं. हातोडी आणायला माझ्या गाडीकडे गेलो, तिथे चहा आला... आणि मी विसरलो.

"लावले का बे चारही?" त्याने विचारलं.

"लावले ना. लिहून देऊ का?"

"तुह्यं अक्षर वाचता येत नाई मले," म्हणत तो निघाला.

जामच्या अलीकडच्या वळणावर कंटेनर कलंडला, ट्रेलरला घेऊन. मधुकर जागीच गेला. चौकशीत लिहिलं गेलं — चालकाने लॉक लावलं नव्हतं. मी समोर उभा होतो. गप्प राहिलो.

महिन्याभराने सुरू झालं. चारही लॉकं मी स्वतः लावायचो, तरी भर दुपारी जामला पोचलो की गोदामातला हमाल म्हणायचा, "काका, मागचं डावं उघडंच हाय." ट्रेलर बदलला — तेच. तोच ट्रेलर दुसऱ्याने नेला तर लॉक बंद. शेवटी हँडल तारेने बांधलं, आठ पीळ दिले. जामला पाहतो तर हँडल उघडं, तार तिथेच लोंबतेय... पीळ एकही सुटलेला नाही. कंटेनर मात्र जागचा हलला नव्हता.

मी गाडी सोडली. गेल्या रविवारी मधुकरच्या बायकोला सगळं सांगितलं. वहिनींनी निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवली.

"मले काऊन सांगून राह्यले भाऊजी? ते असं करणार नाई, हे मले माहीतच होतं. पोरीले लोक तोंडावर म्हणतात, तुह्या बापाचीच चूक. जिथं त्याईचं नाव लिहिलं, तिथं जाऊन सांगा."

सोमवारी लेखी जबाब दिला, सहीनिशी. पुढे काय व्हायचं ते होईल.

तारेबद्दल दोन मेकॅनिकना आणि एका वेल्डरला विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही, मलाही नाही. पण मधुकरने लॉक उघडं ठेवलं नव्हतं. ते मी ठेवलं होतं.