कुंकू लावलेल्या दोन फ्लॉप्या

धुळ्यातल्या आमच्या डीटीपी सेंटरमध्ये चपला बाहेर काढून यावं लागे. मालकांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते दोंडाईचाकडचे. आधी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा छापखाना चालवायचे. कॉम्प्युटर आणला तसे त्यांनी दोन नियम केले: धूळ आत येता कामा नये आणि फ्लॉपी बाहेर जाता कामा नये. बाहेर गेलेली फ्लॉपी व्हायरस घेऊन येते, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं.

मी तिथं टायपिंग करायचे. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. मशीनची हार्ड डिस्क एवढीशी, एक दिवाळी अंक आला की भरून जायची. म्हणून झालेलं काम दोन फ्लॉप्यांवर उतरवायचं आणि मशीनवरून पुसून टाकायचं. दोन प्रती आहेत म्हणजे काळजी नाही, असं सगळे धरून चालत. त्या दोन्ही प्रती एकाच डबीत, एकाच कपाटात असतात, याचं कुणाला काही वाटत नसे. एकदा मी म्हटलंही, "भाऊ, एक प्रत मी घरी ठेवते." त्यावर ते म्हणाले, "तुन्हं घर काय बँक शे का?" विषय तिथंच संपला.

त्या डबीत माझी आई होती. मी दीड वर्षाची असताना ती गेली. घरात तिचा एक फोटोसुद्धा नाही. माझे वडील, त्यांना मी आबा म्हणायचे, तिचं नाव कधी काढत नसत. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले आणि अचानक त्यांनी ठरवलं, तिच्याबद्दल सगळं लिहून ठेवायचं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याशेजारी खुर्चीवर बसून सांगत आणि मी टाइप करी. तेही रोजच्या रोज दोन फ्लॉप्यांवर उतरवून मशीनवरून पुसत असे. ती पिंपळनेरची, कशी हसायची, कुणाकुणाशी भांडायची, माझं नाव कुणी ठेवलं. मध्येच थांबून ते विचारत, "लिखी लिधं का?" प्रिंट आम्ही काढली नव्हती. त्यांना दिसत नव्हतं, आणि मला वाटे, पूर्ण झालं की एकदमच काढू.

त्या दसऱ्याला आम्ही जळगावला आबांच्या जुन्या मित्राकडे गेलो होतो. इकडे भाऊंनी दुकानात पूजा मांडली. छापखान्यात खिळ्यांच्या पेट्या पूजायचे, तसाच यंदा पाटावर कीबोर्ड ठेवला आणि कपाटातल्या फ्लॉप्या मांडल्या. त्या मोठ्या, वाकणाऱ्या फ्लॉप्या. त्यांना एक लांबट खिडकी असे आणि तिच्यातून आतली, काम साठवायची तपकिरी तबकडी दिसे. तिथं बोट लावायचं नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. भाऊंनी नेमकं तिथंच ओलं कुंकू लावलं, एकेका फ्लॉपीला, मन लावून. मी आल्यावर विचारलं, वरच्या कव्हरला सोडून तिथंच का लावलं, तर म्हणाले, "काम ते आतमा शे ना बेटा, वरथून लाईसन काय फायदा?" माणूस वाईट नव्हता. याचाच मला जास्त राग येतो. वाईट माणसाला निदान शिव्या तरी घालता येतात.

आईची पहिली फ्लॉपी घातली, ड्राइव्ह नुसता करकरला, आतलं काही वाचेना. दुसरी घातली, तेच. कापसानं पुसून पाहिलं तर डाग आणखी पसरला. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांचे पेपर हे सगळं भाऊंनी पुन्हा टाइप करून घेतलं, कारण ते कागदावर होतं.

आबांना सांगताना मला रडू फुटलं. ते म्हणाले, "रडू नको. मी परत सांगसू." दिवाळीची कामं उरकली की बसू, असं ठरलं. दिवाळीच्या आधीच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. पुढं जगले तेवढी वर्षं ते खाटेवरच होते. मी जवळ बसले की ते ओठ हलवत, घशातून आवाज काढत. शब्द काही होत नसे. मग ते भिंतीकडे तोंड फिरवत.

लोक म्हणतात, टाइप तर तूच केलंस, तुला आठवत असेल. नाही आठवत. टाइप करताना माझं लक्ष काना-मात्रा चुकू नये याकडे असायचं. फ्लॉपीत आहे, निवांत वाचू, असं म्हणून मी डोक्यात काही ठेवलंच नाही. आई घाबरली की काय करायची, ते आबांनी सांगितलं होतं, एवढं आठवतं. काय करायची, ते नाही आठवत.