रूपालीचे बाबा आणि माझे

रूपालीचे बाबा पॅडचं पाकीट हातात धरून भर रस्त्यानं चालत यायचे. काळ्या पिशवीत नाही, वर्तमानपत्रात गुंडाळूनही नाही. कोणी मेथीची जुडी घेऊन घरी यावं, तसं. भंडाऱ्याच्या बसस्टँडवरून आमच्या मुलींच्या होस्टेलपर्यंत दहा मिनिटांची वाट. वाटेत दोन पानठेले, एक सलून आणि कायम माणसं बसलेली एक चहाची टपरी. मेडिकलवाला सवयीनं कागद ओढायला लागला की ते त्याला थांबवायचे. "गुंडाळू नको रे बाबू. चोरीचा माल नाही, पोरीसाठी घेऊन राहिलो."

ते एसटीत कंडक्टर होते. घर पवनीला, ड्यूटी भंडारा डेपोची. कधी पवनीची गाडी, कधी साकोलीची. रूपाली माझी रूम पार्टनर. पहिल्या महिन्यात मी खिडकीतून त्यांना तसं येताना पाहिलं आणि मला आधी लाज वाटली. नंतर जे वाटलं ते मला अजून नीट आठवतं, कारण पुढची तीन वर्षं ते माझ्यासोबत राहिलं. मला रूपालीचा हेवा वाटला. आतून पेटल्यासारखा.

माझे बाबा लाखनीजवळच्या एका राइस मिलमध्ये हमाल. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. महिन्याचे जे पैसे ते माझ्या हातात ठेवायचे, त्यातून मेस सोडून सगळं भागवायचं: साबण, वह्या, झेरॉक्स, मोबाइलचं रिचार्ज. बऱ्यापैकी पाकीट घेतलं तर त्यात सात पॅड, आणि मला एका पाळीला दोन पाकिटं लागत. म्हणजे त्या महिन्यात झेरॉक्स बंद. म्हणून मी एक पाकीट घ्यायची आणि बाकी फडकी वापरायची. श्रावणात होस्टेलच्या गच्चीवर फडकं वाळत नाही, हे ज्यांनी ते दिवस काढले आहेत त्यांना सांगायला नको. आणि वाळलं तरी ते टॉवेलच्या खाली लपवून वाळवायचं असतं. मी ओलसरच वापरायची. मांड्या सोलवटून निघायच्या आणि प्रॅक्टिकलला तीन तास उभं राहताना फळ्यावर काय लिहिलंय ते डोक्यात शिरायचं नाही.

शेजारच्या पलंगावर रूपालीचं पाकीट उघडं पडलेलं असायचं. ती चार-चार तासांनी बदलायची, कारण बाबांनी तिला तसं सांगितलं होतं. बाबांनी! आणि वर ती त्यांच्यावरच फुगायची. "बाबा, हे कायले आणलं तू? मागच्या वेळचं बरं होतं." ते खाली मान घालून ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वेळी दुसरं आणायचे. ती वापरते त्या पाकिटाचा मला जेवढा हेवा वाटे, त्याहून जास्त तिच्या त्या फुगण्याचा वाटे. माझ्या बाबांशी मी कधी भाजीवरूनही फुगले नव्हते.

दुसऱ्या सत्रात त्यांनी नवीनच सुरू केलं. ठोक दुकानातून अख्खा खोका घ्यायचा आणि रविवारी गेटवर ठेवायचा. ज्या मुलीला लागेल तिनं त्यांना पडलेल्या भावात घ्यायचं. बिल खोक्यावरच चिकटवलेलं असे. मेडिकलपेक्षा चांगलंच स्वस्त पडायचं. कोणी म्हणालं, काका, फुकटच द्या ना, की ते हसून नाही म्हणायचे. "फुकटाची सवय लागली का मी नसलो तं बंद पडते. पैसे दे, पण वाजवी दे." बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्या वर्षी तर त्यांना एक वाक्यच सापडलं. गाडीत एखादी बाई अर्ध्या तिकिटावर खूश दिसली की ते म्हणायचे, "माय, सरकारनं गाडीत अर्धं केलं. आता दुकानातही महिन्याच्या सामानाले अर्धं करा म्हणा." बाई पदर तोंडाला लावायची. त्यांच्या बोलण्यात चावटपणाचा लवलेश नसे, त्यामुळे कोणी भांडत मात्र नसे.

असे ते सगळ्यांचे काका झाले. फक्त रूपालीच्या आई एकदा भेटायला आल्या तेव्हा हसत हसत मला म्हणाल्या, "लग्नाले पंचवीस वर्षं झाली. माह्यासाठी नाही आणलं कधी. पोरगी मोठी झाली तवा याहीले अक्कल आली." हसत होत्या, पण मला त्या हसण्यातलं कळलं. म्हटलं, रूपालीवर जळणारी मी एकटीच नाही.

पहिल्याच रविवारी मी खोक्याजवळ गेले नाही. मागे उभी राहिले. मला स्वस्त पाकीट हवं होतं, पण ते रूपालीच्या बाबांच्या हातून नको होतं. त्यांनी मला हेरलं. "तुले नको का वं बाई?"

"नको काका. माझे बाबा आणून देतात."

कसं निघालं तोंडातून, माहीत नाही. रूपालीनं माझ्याकडे वळून पाहिलं आणि परत खोक्यातली पाकिटं मोजायला लागली. काकांचा चेहरा मात्र असा फुलला, जणू त्यांना परक्या गावात कोणी नातेवाईक सापडला. बाबा काय करतात, विचारलं. हमाली करतात, मी म्हणाले. "हमाली करून आणते? वा," असं ते दोनदा म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी ते माझ्या बाबांची चौकशी करायचे. कोणतं आणतात, कुठून आणतात, दुकानात लाजत नाहीत ना. मी उत्तरं रचायची. लाजायचे आधी, आता नाही. स्वतःच मागतात. माझा खोटा बाबा महिन्या-महिन्यानं चांगला होत गेला आणि मला तो आवडायलाही लागला. काका गाडीत इतर बापांना त्याचं उदाहरण द्यायचे, हे मला रूपालीकडूनच कळलं. ती म्हणाली, "आमच्या बाबाले तुह्या बाबाचं लई कौतुक आहे." तिच्या आवाजात किंचित आंबटपणा होता आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

पण या खोट्यापायी अख्ख्या होस्टेलात मी एकटीच अशी उरले, जिला तो स्वस्त खोका बंद होता. बाकीच्या मुली पडलेल्या भावात घ्यायच्या आणि मी मेडिकलात पूर्ण पैसे द्यायची, नाहीतर फडकं. त्या पावसाळ्यात मला इतका त्रास झाला की दवाखान्यात जावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी ओलं फडकं एकदम बंद करायला सांगितलं. मी मान हलवली आणि गच्चीवर जाऊन टॉवेल सारखा केला.

भादव्यात एका रविवारी बाबा मला तांदूळ द्यायला येणार होते. मेसवाल्या बाई तांदळाच्या बदल्यात पैसे कमी घ्यायच्या. मी गेटवर वाट पाहत होते. लांबून दोन माणसं येताना दिसली. तांदळाचं चुंगडं बाबांच्या खांद्यावर, आणि त्यांच्या शेजारी खाकी कपड्यातले काका. पळून जावंसं वाटलं, पण मागे रूपाली येऊन उभी राहिली होती.

गाडीत काय झालं ते मला नंतर दोघांकडूनही कळलं. बाबा लाखनीला साकोली-भंडारा गाडीत चढले. काकांनी चुंगड्याचं विचारलं, पोरगी कुठे शिकते विचारलं, आणि माझं नाव ऐकताच त्यांनी भरल्या गाडीत हाक दिली की मी तुम्हाला सांगतो ना, ते बाबा हेच. हमाली करतात, पण पोरीला दर महिन्याला पॅड स्वतः आणून देतात. सगळी गाडी बाबांकडे पाहायला लागली. बाबांना त्यातलं अवाक्षर कळलं नव्हतं. तरी ते म्हणाले, "हो जी." चाळीस माणसांत आपली पोरगी खोटी पडू नये म्हणून. भंडाऱ्याला गाडी रिकामी झाल्यावर ते काकांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, माही पोरगी मी काय आणतो म्हणते?"

काकांनी त्यांना स्टँडवरच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं. मग मेडिकलात नेलं आणि स्वतः पायरीवरच थांबले. मागायचं तुम्हीच, म्हणाले. बाबांनी मागितलं. पण काकांसारखं उघड्यावर धरायचं बळ काही त्यांना आलं नाही. त्यांनी पाकीट तांदळाच्या चुंगड्यात खोल खुपसलं आणि वरून सुतळीनं बांधून टाकलं.

गेटवर त्यांनी चुंगडं उतरवलं, सुतळी सोडली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पाकीट बाहेर आलं ते कोंड्यानं पांढरं झालेलं. बाबांनी ते शर्टाला पुसलं आणि माझ्याकडे न बघता पुढे केलं.

"तुह्या पायी आज खोटी शाबासकी घेतली मी गाडीत," ते म्हणाले. "एका महिन्याले एवढंच लागते?"

"दोन लागतात."

ते म्हणाले, "मंग आतापर्यंत काय करत होती तू?"

काका म्हणाले, "राहू द्या जी, आता तं आणलं ना." रूपालीनं चुंगडं एका बाजूनं धरलं आणि आम्ही दोघींनी ते आत नेलं. जिन्यावर ती एवढंच म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिनं बाबांना का सांगितलं नाही, हे मी विचारलं नाही. मला वाटतं, तिलाही माझा तो खोटा बाबा कुठवर मोठा होतो ते पाहायचं होतं.

पुढे माझे बाबा आणि तिचे बाबा मित्र झाले आणि मला नवीनच जळायचं कारण मिळालं. माझे बाबा मिलमधून काकांना फोन करायचे. माझ्याशी दोन मिनिटं, त्यांच्याशी पंधरा. सुट्टीत घरी गेले की भिंतीकडे पाहत सांगायचे, "कंडक्टर साहेब म्हणत होते, चार-पाच तासांनी बदलाव लागते." मग काकांच्याच खोक्यातून ते माझ्यासाठी दोन पाकिटं घ्यायला लागले, पडलेल्या भावात, आणि धाकटीसाठीही. मिलमधल्या दोघा हमालांनाही त्यांनी हे शिकवलं. मी पदवीला पहिल्या वर्गात आले. त्यात या पाकिटांचा वाटा किती, हे मी कोणाला मोजून सांगू शकत नाही. पण तिसऱ्या वर्षी माझं एकही प्रॅक्टिकल बुडालं नाही.

रिटायर व्हायला थोडेच महिने राहिले असताना काका गेले. ड्यूटीवरून येऊन जेवायला बसले आणि गेले. मी आता साकोलीला एका पतसंस्थेत नोकरी करते. रजा काढून बाबांसोबत पवनीला काकांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले. मांडव भरला होता. होस्टेलच्या कितीतरी मुली आल्या होत्या, कोणाच्या कडेवर लेकरं होती. प्रत्येकीला काकांनी काय म्हटलं होतं ते आठवत होतं आणि प्रत्येकीला वाटत होतं की त्यांचा आपल्यावर जरा जास्त जीव होता. तिथेही मला ते ऐकवलं नाही. माझी गोष्ट त्यांच्या सगळ्यांपेक्षा मोठी आहे, असं मनात येत राहिलं.

बुद्धवंदना झाली. जेवणाची पंगत बसली. बाबा कोणी न सांगता वाढायला लागले होते. वरणाची बादली उचलायची त्यांना सवयच. रूपाली खांबाला टेकून बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. ती माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या बाबांकडे पाहत होती. बादली घेऊन वाकणाऱ्या, प्रत्येकाला "घ्या जी" म्हणणाऱ्या माणसाकडे.

"तुले तं आहे वं अजून," ती म्हणाली.

ती नजर मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. होस्टेलच्या खिडकीतून मी तीन वर्षं तसंच पाहिलं होतं.

मी उठून बाबांच्या हातातली बादली घेतली आणि म्हटलं, रूपालीनं सकाळपासून काही खाल्लं नाही, जरा जाऊन बसा तिच्याजवळ. ते गेले. तिच्याजवळ बसून त्यांनी तिच्यासाठी एक पत्रावळ मागितली आणि भाताचा घास कालवून तिच्यापुढे धरला. मला त्यांनी लहानपणीही कधी भरवलं नव्हतं. मी पंगतीत वरण वाढत होते. खोटं कायले सांगू, जरा लागलंच.